गुन्हेगार कोण, हे ठरवणारी खुर्ची : क्रिमिनॉलॉजीच्या वर्गात आपण का जायचे?

दरवर्षी पदवीचे निकाल लागले की वस्तीवस्तीत एकच चर्चा सुरू होते. पुढे काय? कोणी एमपीएससीच्या तयारीला पुणे गाठतो, कोणी एलएलबीला नाव घालतो, कोणी पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावू लागतो. या सगळ्या वाटा आपल्याच आहेत आणि त्यांवरून चालणाऱ्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण गुन्हेशास्त्र म्हणजे क्रिमिनॉलॉजी, किंवा फौजदारी न्यायव्यवस्थेच्या अभ्यासातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, हे नाव या चर्चेत क्वचितच निघते. निघालेच तर "त्याला स्कोप काय?" असे विचारून विषय मिटवला जातो.

स्कोपचा विचार आम्ही पुढे करणारच आहोत. त्याआधी इतिहास पाहू. ज्या ज्ञानशाखेच्या आधारे आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळावर 'जन्मजात गुन्हेगार' हा शिक्का पक्का करण्यात आला, ती आज कोणत्या वर्गात शिकवली जाते, तिथे शिकवतो कोण आणि शिकतो कोण, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याच्या करिअरपुरता नाही. तो चळवळीचा प्रश्न आहे. गुन्हेगार कोण, हे ठरवणारी खुर्ची हजारो वर्षे दुसऱ्यांच्या ताब्यात राहिली. त्या खुर्चीकडे जाणाऱ्या वाटांपैकी एक वाट या वर्गातून जाते, आणि त्या वाटेवर आपली गर्दी नाही.

शिक्का आधी, शास्त्र नंतर

या देशातली शिक्षेची सर्वात जुनी मांडणी जातीची मांडणी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एकाच अपराधाला वर्ण पाहून वेगवेगळी शिक्षा आहे. ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियाला आणि वैश्याला दंड, शूद्राला मात्र शारीरिक शिक्षा. जिथे इतरांना देहदंड, तिथे ब्राह्मणाचे फक्त मुंडन. गुन्हा काय घडला यापेक्षा तो कोणी केला, हे तिथे मोठे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला तेव्हा जळला तो एक दंडसंहितेचाही पाया होता, हे आपण विसरतो.

इंग्रज आले आणि कायद्यापुढे सगळे समान असे त्यांनी सांगितले. पण १८७१ साली त्यांनीच गुन्हेगार जमाती कायदा केला. एखाद्या जमातीला सरकारने अधिसूचना काढून गुन्हेगार जाहीर केले की त्या अधिसूचनेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. नाव नोंदवायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांचीही नोंद ठेवण्याची तरतूद होती. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था देशभर लागू करण्याचा रस्ता मोकळा झाला आणि १९२४ च्या कायद्याने ती घट्ट केली.

या कायद्याच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद झाला तो नीट समजून घ्या. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, धंदा जातीने चालतो. मग चोराचा मुलगा चोरच होणार. म्हणजे इंग्रजांनी हा सिद्धांत विलायतेहून आणला नव्हता. ब्राह्मणी जातिव्यवस्थेचे तर्कशास्त्र त्यांनी उचलले आणि त्यावर सरकारी मोहोर उठवली. जगभरच्या क्रिमिनॉलॉजीच्या पुस्तकांत 'जन्मजात गुन्हेगार' या कल्पनेचा जनक म्हणून इटलीच्या चेझारे लोम्ब्रोसोचे नाव शिकवतात. त्याचे गाजलेले पुस्तक आले १८७६ साली. आपल्याकडचा कायदा त्याच्या पाच वर्षे आधीचा! शिक्का आधी बसला, शास्त्र मागून आले.

महाराष्ट्रात या शिक्क्याखाली कोण आले? पारधी, कैकाडी, कंजारभाट, बेरड, रामोशी. काही भागांत मातंग समाजही आला. अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी याच हजेरीच्या काळातल्या माणसांची गोष्ट सांगते आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. तिथल्या माणसांनी कष्ट करायचे आणि पुन्हा हजेरीला उभे राहायचे. तारा गेल्या, पण शहराच्या त्या भागाला सेटलमेंट हे नाव चिकटून राहिले. तेव्हा हा विषय फक्त भटक्या-विमुक्तांचा आहे, बौद्धांचा किंवा मातंगांचा नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याला इतिहास ठाऊक नाही.

मोजणारे आणि मोजले जाणारे

गुन्हेगार ठरवण्यासाठी मोजमाप लागते. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. आज जगभर ही पद्धत 'हेन्री पद्धत' म्हणून ओळखली जाते. पण ठशांच्या वर्गीकरणाचे कष्टाचे काम केले ते अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांनी. नाव लागले साहेबाचे. ज्ञान कोण तयार करतो आणि नाव कोणाचे राहते, याचा हा पहिला धडा समजा.

त्याच सुमारास हर्बर्ट रिस्ले नावाचा अधिकारी माणसांची नाके मोजत होता. नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या प्रमाणावरून वंश ठरवायचा आणि वंशावरून जातीची पायरी समजावून सांगायची, असा त्याचा खटाटोप. आपली माणसे या शास्त्रात होती ती फक्त मोजून घेण्यासाठी.

बाबासाहेबांनी याला कसे उत्तर दिले ते पाहा. १९४८ साली आलेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकांची ही मोजमापे फेकून दिली नाहीत. डॉ. घुर्ये यांनी एकत्र केलेली तीच आकडेवारी त्यांनी पुन्हा तपासली आणि दाखवून दिले की तिच्या आधारे ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरतच नाहीत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्यच. विरोधकाचीच मोजपट्टी हातात घेऊन त्यांनी त्याचा निष्कर्ष खोडून काढला. याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी अस्पृश्यांबरोबर आदिवासींची आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची नावे घेतली आहेत, आणि असे समूह निर्माण करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती म्हणायचे का, असा सवाल केला आहे.

असाच संघर्ष समुद्रापलीकडेही झाला. अमेरिकेत १८९६ साली विमा कंपनीत काम करणाऱ्या फ्रेडरिक हॉफमनने आकडे मांडून कृष्णवर्णीयांची गुन्हेगारी वंशातच आहे असा दावा केला. तीनच वर्षांत, १८९९ साली, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीत घरोघर फिरून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गुन्ह्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुलामगिरीचा वारसा, नोकऱ्यांची बंद दारे, भेदभाव यांच्याशी गुन्ह्याचे नाते त्यांनी तिथे उलगडले. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले आणि अस्पृश्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेण्याबाबत विचारणा केली. ड्यू बॉइस यांनी त्याला सहानुभूतीचे उत्तर दिले. ही दोन माणसे एकमेकांना पत्र लिहितात यात आम्हाला योगायोग वाटत नाही. दोघांनीही मोजपट्टी स्वतःच्या हातात घेतली होती.

महाडचा धडा

बाबासाहेब म्हटले की आपल्याला संविधान आठवते. फौजदारी कोर्टात उभे राहिलेले बाबासाहेब फारसे आठवत नाहीत. १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून बागडे, जेधे, जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर खटला झाला, तेव्हा अपिलात त्यांची बाजू बाबासाहेबांनी लढवली आणि त्यांना सोडवले. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्या बाजूने ते अश्लीलतेच्या खटल्यात उभे राहिले. तो खटला हरले, पण उभे राहिले.

पण या लेखासाठी सर्वात महत्त्वाचा धडा महाडचा आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. हल्लेखोरांवर खटला चालला आणि त्यांतल्या काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. धनंजय कीरांच्या चरित्रात यावर बाबासाहेबांचे मत नोंदलेले आहे. जिल्ह्यातले प्रमुख अधिकारी सवर्ण हिंदू नव्हते म्हणून हा न्याय मिळाला, अशा आशयाचे ते मत आहे.

हे मत पुन्हा वाचा. कायदा तोच, कलम तेच, पुरावा तोच. पण तपास करणारा आणि निकाल देणारा कोण, यावर न्याय अवलंबून राहिला. कायद्याचे पुस्तक स्वतःहून चालत नाही, त्याला चालवणारा हात लागतो. म्हणूनच १९२८ साली मुंबई सरकारने दलित व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली तेव्हा बाबासाहेब तिचे सदस्य झाले. समितीचे अध्यक्ष होते स्टार्ट, आणि हे स्टार्ट गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटचे अधिकारी म्हणून काम केलेले गृहस्थ. आपल्या लोकांविषयीचा अहवाल ज्या टेबलावर लिहिला जातो त्या टेबलावर आपला माणूस पाहिजे, ही गोष्ट बाबासाहेबांना पक्की ठाऊक होती.

ही पदवी आली कुठून?

आता पदवीच्या इतिहासाकडे येऊ. 'क्रिमिनल जस्टिस' या नावाने आज जगभर जी पदवी ओळखली जाते ती मुख्यतः अमेरिकेत वाढली. १९६० च्या दशकात तिथल्या शहरांत कृष्णवर्णीयांचे उठाव झाले. त्यानंतर १९६८ च्या कायद्याने पोलीस व्यवस्थेत केंद्राचा पैसा ओतला आणि पोलिसांच्या उच्च शिक्षणासाठीही निधी दिला. महाविद्यालयांत या विषयाचे विभाग भराभर निघाले. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध जॉन जे कॉलेज १९६४ साली सुरू झाले तेच पोलीस विज्ञानाचे कॉलेज म्हणून. उलट बर्कलेच्या विद्यापीठातले क्रिमिनॉलॉजीचे स्कूल पोलीस आणि तुरुंग व्यवस्थेवर सडेतोड टीका करणाऱ्या अध्यापकांचे केंद्र झाले होते. १९७६ साली ते स्कूल बंद झाले. म्हणजे हा विषय कोणाच्या बाजूने शिकवायचा, यावर तिथेही लढाई झाली आहे.

भारतात या शिक्षणाचे एक मूळ मुंबईच्या नागपाड्यात आहे. १९३६ साली तिथे सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे 'टिस'. १९५१-५२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रसंघाचे तज्ज्ञ म्हणून अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ वॉल्टर रेकलेस भारतात आले आणि तुरुंग सुधारणेवर त्यांनी अहवाल दिला. त्या काळापासून तुरुंग अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण आणि गुन्हेशास्त्राचे शिक्षण इथे रुजू लागले. १९५९ साली मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी आणि न्यायवैद्यक विज्ञानाचा विभाग निघाला. १९९० साली 'टिस'ने 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला आणि समाजकार्यकर्ते तुरुंगात, पोलीस ठाण्यात जाऊन कैद्यांच्या कुटुंबांसाठी, जामिनासाठी, पुनर्वसनासाठी काम करू लागले. २०२० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ झाले. त्याचे मुख्य केंद्र गांधीनगरला आहे आणि गोव्यात फोंड्यालाही एक केंद्र आहे.

इथे दोन परंपरा स्पष्ट दिसतात. एक परंपरा गुन्हेगार कसा पकडावा हे शिकवते. दुसरी परंपरा माणूस तुरुंगापर्यंत कसा पोहोचला आणि तिथून बाहेर कसा येईल, हे विचारते. अर्ज भरताना आपण कोणत्या परंपरेच्या दारात उभे आहोत हे ओळखले पाहिजे. दोन्हीकडे आपली माणसे हवीत, पण डोळे उघडे ठेवून.

शिक्का गेला का?

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. म्हणून हा दिवस विमुक्त दिन. पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याने १९५९ साली आपला कायदा केला. 'गुन्हेगार जमात' हा शब्द गेला, 'सराईत' हा शब्द आला. ठाण्यातल्या वहीत नावे तीच राहिली.

१९९८ साली बंगालच्या पुरुलियात सबर समाजाचा बुधन पोलीस कोठडीत मेला. त्याच वर्षी बारामतीत पारधी समाजाचा पिन्या हरी काळे कोठडीत मेला. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटन उभे केले ते याच वर्षी.

नाशिकजवळच्या २००३ सालच्या एका खून आणि बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना फाशीची शिक्षा झाली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशी दिली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. घटनेच्या प्रत्यक्ष साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच माणसांना ओळखले होते, हे तेव्हा पुढे आले. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षांचे पाच लाख! तपास असा का झाला, संशय याच माणसांवर का गेला, वकिलाने काय केले, हे कोणी शास्त्रीय पद्धतीने अभ्यासायचे? आपण नाही तर कोणी?

आकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही अशी ही माणसे. या कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे एक पंचमांश आहे, तर २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला आपला वाटा १६.६ टक्के. आणि विमुक्त जमाती किती? त्यांचा रकानाच नाही. शिक्का मारताना प्रत्येक जमातीचे नाव होते, मोजताना नाव नाही.

पीडितांच्या बाजूनेही हेच. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे म्हटले. गाव जातीने विभागलेले, मारलेले कुटुंब दलित, आणि तरी गुन्ह्यात जात नाही! तपास कसा होतो, पंचनामा कसा लिहितात, शवविच्छेदनात काय सुटते, जबाबातली जात कशी गायब होते, हे समजणारी आपली माणसे पहिल्या दिवसापासून लागतात. मोर्चा आठव्या दिवशी निघतो, पुरावा पहिल्याच दिवशी नष्ट होतो.

आणि ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सुकन्या शांता या पत्रकाराने तुरुंगांतल्या जातिभेदावर अभ्यासपूर्ण लिखाण केले आणि मग याचिका दाखल केली. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत झाडू आणि सफाई खालच्या जातींना, स्वयंपाक वरच्या जातींना अशी वाटणी छापलेली होती. विमुक्त जमातींना सराईत मानणाऱ्या तरतुदीही होत्या. न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले आणि नियमावल्या बदलायला तीन महिने दिले. संविधान लागू होऊन ७४ वर्षे झाली होती. इतकी वर्षे या नियमावल्या कपाटात होत्या, अधिकारी त्या वाचत होते, प्रशिक्षणात वापरत होते. कोणाला त्या खटकल्या नाहीत. खटकायला वाचणारा वेगळा लागतो.

अर्ज करताना

आता कामाचे बोलू.

बहुतेक ठिकाणी या पदवीसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीए मराठीवाला चालतो, बीएस्सीवाली चालते. नेमकी अट त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा, ऐकीव माहितीवर राहू नका. 'टिस'चे पदव्युत्तर प्रवेश आता सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेतून सुरू होतात. न्यायवैद्यक विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. अर्जाची मुदत निकालाच्या कितीतरी आधी संपते, म्हणून शेवटच्या वर्षाला असतानाच तयारी करा. जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल त्यांनी नॉन-क्रिमिलेयर, हे कागद दिवाळीतच काढून ठेवा. आपली किती मुले गुणांमुळे नाही, एका दाखल्यामुळे मागे राहिली आहेत!

काही संस्था, विशेषतः परदेशातल्या, हेतुपत्र मागतात. 'मला हा अभ्यास का करायचा आहे' हे त्यात लिहायचे असते. इथे आपली मुले दोन चुका करतात. काही जण इंटरनेटवरून उचललेले गुळगुळीत वाक्य लिहितात. काही जण फक्त सोसलेले दुःख लिहितात. आमचा सल्ला असा की, प्रश्न लिहा. 'माझ्या तालुक्यात ॲट्रॉसिटीचे गुन्हे नोंदवताना कोणती कलमे गळतात?' 'पारधी वस्तीतल्या अटकेनंतर जामीनदार का मिळत नाही?' 'पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याला एक तृतीयांश शिक्षेइतका काळ काढल्यावर सोडण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे, ती प्रत्यक्षात कोणापर्यंत पोहोचते?' असा एक प्रश्न आणि तो तुम्हाला का पडला याची चार वाक्ये. वस्तीत वाढलेल्या मुलीकडे हे प्रश्न जन्मापासून आहेत. त्यांना अभ्यासाचे रूप द्यायचे, एवढेच बाकी आहे.

पैशाचे काय? राज्यात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. पण इथेही लढाई आहे. फी आधी भरा, शिष्यवृत्ती नंतर येईल, हा नियम गरिबाच्या मुलासाठी बंद दरवाजा आहे. याच प्रश्नावर फेब्रुवारी २०१८ मध्ये 'टिस'च्या विद्यार्थ्यांनी संप केला होता.

केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी विमुक्त, भटक्या आणि अर्धभटक्यांसाठी जागा किती? सहा. कोट्यवधींच्या समाजाला सहा. आणि २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती नाकारली. अर्थ काय झाला? पारध्याच्या पोराला सरकारी पैशाने परदेशात जाऊन गुन्हेगार जमाती कायद्याचा इतिहास अभ्यासायचा असेल तर दार बंद! परदेशातले ग्रंथालय, लंडनमधली वसाहतकाळाची दप्तरे, जिथे आपल्या आजोबांच्या हजेरीचा हिशेब आहे, तिथे पोहोचायचे नाही. बाबासाहेब कोलंबियात आणि लंडनमध्ये याच देशाच्या जातींवर, अर्थव्यवस्थेवर आणि रुपयावर लिहीत होते. आजच्या नियमात ते बसले असते का, हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारला पाहिजे.

आक्षेप आणि उत्तर

पहिला आक्षेप स्कोपचा. परिविक्षा अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, तुरुंगातले कल्याणकार्य, विधी सेवा, पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्था, संशोधन अशी कामाची क्षेत्रे आहेत. यूजीसी-नेट परीक्षेत क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे, म्हणजे प्राध्यापक होण्याची वाट आहे. जागा कमी आहेत हे खरे, आणि कंत्राटी पद्धत इथेही आहे. पण ही पदवी एलएलबीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या आड येत नाही. दोन्हींना धार देते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे तर सत्तेचे शास्त्र, ते शिकून आपणही त्यांच्यासारखेच होणार नाही का? होऊ शकतो. वर्दी किंवा पदवी चढवली की वस्ती विसरणारे आपल्यातही आहेत. म्हणून एकट्याने जाऊ नका. आधी गेलेल्यांना गाठा, अभ्यासगट करा, फील्डवर्कला तुरुंगात गेलात तर बाहेर येऊन वस्तीत काय पाहिले ते सांगा. कैद्याचे नाव आणि खासगी गोष्टी राखून, व्यवस्थेचे वर्तन सांगा. विरोधकाच्या मोजपट्टीने विरोधकाला खोडणारे बाबासाहेब आपल्यापुढे आहेत. मोजपट्टी हातात न घेता ते जमले नसते.

तिसरा आक्षेप असा की, रस्त्यावरची लढाई सोडून वर्गात का बसायचे? सोडा असे आम्ही म्हणतच नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल एका पत्रकाराच्या चिकाटीच्या अभ्यासातून आला. तुरुंगाच्या नियमावलीतली ओळ शोधून काढणारा माणूस आणि त्या ओळीविरुद्ध रस्त्यावर उतरणारा माणूस, चळवळीला दोघेही लागतात.

आपल्या तालुक्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली पाच मुले-मुली शोधा. त्यांच्यासोबत बसून या पदवीची माहितीपुस्तिका वाचा. त्यांतल्या एकाने अर्ज केला तरी चालेल. आजवर आपल्याविषयीचा अहवाल दुसऱ्यांनी लिहिला. पुढचा अहवाल लिहायला आपली मुलगी त्या टेबलावर बसलेली असली पाहिजे.

जय भीम! जय विमुक्त!